सांगोवांगी आणि साक्ष : वऱ्हाडच्या इतिहासांतून विद्यार्थ्यांस एक धडा

सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशीं, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरांत अचलपूर हें शहर वसलें आहे. इमादशाहीची ही राजधानी. इ.स. १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्कानें बहामनी सत्तेपासून वेगळें होऊन वऱ्हाडांत आपलें राज्य स्थापिलें आणि १५७४ सालीं अहमदनगरच्या निजामशाहीनें तें जिंकून घेतलें. ब्रिटिश अमदानींत एलिचपूर हा वऱ्हाडांतील एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो अमरावती जिल्ह्यांत विलीन झाला. ज्या नगराच्या वाट्यास इतकीं स्थित्यंतरें आलीं, त्याच्याविषयीं कथा, दंतकथा व आख्यायिका पुष्कळ असाव्या यांत नवल नाहीं.

या शहरांतील शाळकरी मुलास ‘आपल्या गांवाचें नांव कसें पडलें’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर हल्लीं तो प्रथम मोबाइलकडे वळतो. क्षणार्धांत उत्तर पुढें येतें: ईल नांवाच्या जैन राजानें हें नगर वसविलें, म्हणून त्यास एलिचपूर म्हणतात. उत्तराच्या जोडीला इ.स. १०५८ हें सालहि असतें. सालाचा आंकडा दिसला कीं विधानास वजन येतें. मुलगा तें वहींत उतरवितो, शेजारच्या मित्रास पाठवितो, मित्र दुसऱ्यास पाठवितो आणि सायंकाळपर्यंत साऱ्या वर्गाचें त्या प्रश्नावर एकमत होऊन जातें. परंतु अनेकांनीं एकच वाक्य उतरविलें म्हणजे तितक्या साक्षी झाल्या असें नव्हे. साक्ष एकच, बाकीच्या तिच्या नकला. विद्यार्थ्यानें महाजालाचा उपयोग जबाबदारीनें कसा करावा, या आज सर्वत्र चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नाचें मूळ या एवढ्याशा भेदांत आहे आणि वऱ्हाडच्या इतिहासानें तो भेद अनेक वेळां शिकविला आहे.

प्रथम नांवाचाच विचार करावा. बाराव्या शतकांत गुजरातेंत होऊन गेलेले आचार्य हेमचंद्र हे प्राकृत भाषेचे थोर व्याकरणकार. त्यांच्या व्याकरणांत एक लहानसें सूत्र खास या शहराच्या नांवासाठीं आहे. ‘अचलपूर’ या शब्दांतील च आणि ल या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ असें रूप होतें, असा त्या सूत्राचा आशय. बोलणाऱ्याच्या जिभेवर अक्षरें अशीं जागा बदलतात, हा भाषेचा नेहमींचा धर्म आहे. एकदां अलचपूर झालें म्हणजे त्याचें एलिचपूर होण्यास फार वाट पहावी लागत नाहीं. शिवाय नवव्या शतकांतील जयसिंहसूरींच्या धर्मोपदेशमालेच्या टीकेंत अचलपूर व तेथील अरिकेसरी राजा यांचा उल्लेख आहे. म्हणजे ईल राजाचा म्हणून जो काळ सांगितला जातो, त्याच्याहि आधीं सुमारें २०० वर्षें हें नगर अचलपूर याच नांवानें नांदत होतें. एवढ्यावरून ईल राजा झालाच नाहीं असें म्हणावयाचें कारण नाहीं. मात्र नगराचें नांव त्याच्यावरून पडलें हें विधान या पुराव्यापुढें टिकत नाहीं. लोकांनीं आधीं नांव उलटविलें आणि मागाहून त्या उलटलेल्या नांवास साजेसा राजा शोधला, हेंच अनुमान अधिक सयुक्तिक ठरतें.

यावर कोणी म्हणेल कीं ऐकीव गोष्ट सोडावी आणि लेखी पुराव्यावर विश्वास ठेवावा, म्हणजे झालें. पण अचलपूरचा इतिहास इतक्या सोप्या नियमावर थांबूं देत नाहीं. हल्लींच्या बैतूल जिल्ह्यांतील तिवरखेड येथें एक ताम्रपट सांपडला. राष्ट्रकूट कुळांतील नन्नराजानें तो अचलपुराहून दिला असें त्यांत म्हटलें आहे आणि त्यावर शके ५५३, म्हणजे इ.स. ६३१ हा काळ आहे. त्याच प्रदेशांत मुलताई येथें मिळालेल्या दुसऱ्या ताम्रपटावर शके ६३१, म्हणजे इ.स. ७०९ हा काळ आहे. दोहोंतील वंशावळ जवळजवळ तीच: दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज आणि त्यानंतर दान देणारा राजा. एकाच राजानें ७८ वर्षांच्या अंतरानें दोन दानें द्यावीं हें संभवनीय दिसत नाहीं. पुढें अकोला जिल्ह्यांतील सांगळूद येथें शके ६१५ चा नन्नराजाचा आणखी एक ताम्रपट उजेडांत आला. तो मुलताईच्या काळाशीं जुळता, तिवरखेडच्या काळाशीं विसंगत. तेव्हां तिवरखेडच्या पटाविषयीं विद्वानांत वाद माजला आणि कांहीं संशोधकांनीं तो बनावट मानला.

या वादांतील तपशील पंडितांचा विषय असला, तरी त्यांतील धडा शाळेंतील मुलासहि समजण्यासारखा आहे. तांब्यावर कोरलेलें अक्षर पाण्यानें पुसलें जात नाहीं, पण तेवढ्यानें तें खरें ठरत नाहीं. खोटें बोलणाऱ्यासहि तांबें विकत मिळतें. लेख कोणी दिला, कोणत्या हेतूनें दिला, तो दुसऱ्या स्वतंत्र लेखांशीं जुळतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्यावर भार टाकतां येत नाहीं. आज ताम्रपटाची जागा सुबक अक्षरांत सजविलेल्या चित्रानें व चलच्चित्रानें घेतली आहे. त्यावर एखाद्या थोर पुरुषाचा फोटो, खालीं एखादें वचन आणि कोपऱ्यांत एखाद्या संस्थेचें चिन्ह असतें. यंत्राच्या साह्यानें न घडलेल्या प्रसंगाचें हुबेहूब चित्र व न बोललेल्या शब्दांचा हुबेहूब आवाजहि आतां तयार करतां येतो. साधन बदललें, तपासणीचे प्रश्न मात्र तेच राहिले.

हे प्रश्न विचारण्याची शिस्त परदेशांतून आणावयास नको. अचलपूरच्या पूर्वेस कांहीं कोसांवर मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचें हें स्थान महानुभावांची काशी म्हणून ओळखलें जातें. तेथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सुमारें इ.स. १२७८ मध्यें, म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणींचें संकलन केलें. तोच मराठींतील आद्य चरित्रग्रंथ लीळाचरित्र. चक्रधरस्वामी आतां डोळ्यांपुढें नव्हते. त्यांचे शब्द निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणांत विखुरलेले होते. म्हाइंभट हे मोठे शास्त्रज्ञ पंडित. आपल्या प्रतिभेनें त्यांनीं एक सुंदर काव्य रचलें असतें तर कोणी हरकत घेतली नसती. पण त्यांनीं तो मार्ग पत्करला नाहीं. ज्यानें प्रसंग पाहिला त्याच्याकडे जावें, ज्यानें शब्द ऐकला त्याच्या तोंडून तो घ्यावा, आणि मिळालेली लीळा नागदेवाचार्यांस दाखवून पारखून घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. माहिती अमक्यानें सांगितली, हें सांगण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. ग्रंथाची थोरवी त्या प्रामाणिकपणांतच आहे.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं देवगिरीच्या यादवांचें राज्य लयास गेलें, उत्तरेकडील फौजांच्या धाडी आल्या आणि त्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, असें पंथाची परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता अशांनीं तो पुन्हां आठवून लिहिला. निरनिराळ्या व्यक्तींनीं आठविलेल्या पाठांत स्वाभाविकच फरक पडला. त्या प्रसंगीं एक पाठ राखून बाकीचे दडपून टाकणें सोपें होतें. परंतु महानुभाव लेखकांनीं अमक्याच्या मतें असें, तमक्याच्या मतें तसें, अशी नोंद ग्रंथांतच करून ठेवली. जेथें निश्चय होत नाहीं तेथें अनिश्चय प्रकट करणें हा दुबळेपणा नसून विद्येची प्रतिष्ठा आहे, हें त्या जुन्या नकलकारांनीं जाणलें होतें. ज्या रिद्धपुरास हें कार्य घडलें, तेथें राज्यशासनानें मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करावें हें उचितच झालें.

याच परंपरेच्या इतिहासांत एक उलट बाजूहि आहे आणि ती सांगितल्यावांचून हा धडा पुरा होत नाहीं. चौदाव्या शतकांत महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजावयाचें आणि किल्ली पंथांतील अधिकारी माणसांपाशीं ठेवावयाची, अशी ती योजना होती. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ग्रंथाला परवलीचा शब्द घातला गेला. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण मूळ ग्रंथ दृष्टीआड झाल्यामुळें बाहेरच्या समाजांत पंथाविषयीं भलभलत्या कथा पसरल्या. कृष्णभट नांवाच्या एका भ्रष्ट मनुष्यानें हा पंथ काढला, अशी एक कुत्सित कहाणी त्यांपैकींच होय. ‘मानभाव’ या शब्दास मराठींत ढोंगी असा हीन अर्थ चिकटला. ब्रिटिश अमदानींतील अधिकाऱ्यांनीं ती कहाणी लोकांच्या तोंडून ऐकून टिपून घेतली. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें उचललें, आणि १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांतहि तिला स्थान मिळालें. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांचे ग्रंथ मात्र कोणीं उघडून पाहिले नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सांकेतिक लिपीची उकल केली. पुढें यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, अमरावतीशीं निकट संबंध असलेले वि. भि. कोलते इत्यादि अभ्यासकांनीं मूळ ग्रंथ उजेडांत आणले. कोलत्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं छापून आलें. मूळ वाचावयास मिळतांच कृष्णभटाची कहाणी निराधार ठरली. तथापि तिच्यामुळें एका साध्या, अहिंसाव्रती समाजानें पिढ्यान् पिढ्या जी अवहेलना सोसली, तिची भरपाई कोण करणार? एखाद्या समाजाविषयीं ऐकीव गोष्ट न तपासतां पुढें सांगणाऱ्याच्या पदरीं हें पाप येतें, मग त्याचा हेतु कितीहि निरागस असो.

त्या काळीं असत्याला एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोहोंचावयास दिवस लागत, ग्रंथांत शिरावयास वर्षें लागत. महाजालानें हा अवधि पुसून टाकला. १९६९ सालच्या २९ ऑक्टोबरला अमेरिकेंतील दोन संशोधनसंस्थांच्या संगणकांत पहिला संदेश गेला. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेंत कागदपत्रें एकमेकांस जोडण्याची वेबची कल्पना मांडली, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमनें भारतांत इंटरनेट सर्वसाधारण जनतेस खुलें केलें. आरंभीं तें मोठ्या शहरांतील तारांवरून येई. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल सेवेबरोबर तें खेड्यांतील ओसरीपर्यंत पोहोंचलें, आणि २०२० सालीं साथीच्या रोगामुळें शाळा बंद पडल्या तेव्हां शाळाच मोबाइलांत येऊन बसली. ज्या उपकरणापासून मुलांस दूर ठेवावें असें वडीलधारीं माणसें म्हणत होतीं, तेंच त्यांनीं आपल्या हातांनीं मुलांस दिलें.

या वेगाचें भयानक फळ महाराष्ट्रानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिलें. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें त्या दिवशीं आठवड्याचा बाजार होता. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे अशी आवई कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें आले. परकी माणसें पाहून संशय आला, गर्दी जमली, आणि त्या पांचही निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. त्या सुमारास देशांत फिरत असलेल्या चित्रफितींपैकीं एक तर कराचींतील एका संस्थेनें मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकजागृतीसाठीं तयार केलेली होती. शेवटीं मूल सुखरूप परत येतें आणि खरा संदेश दिसतो; तो शेवट कापून टाकून उरलेला भाग खऱ्या अपहरणाचें दृश्य म्हणून पाठविला जात होता. त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येणार नाहीं असा निर्बंध घातला. यंत्रावर निर्बंध घालतां आला; मनुष्याच्या बोटावर तो ज्याचा त्यानेंच घालावयाचा असतो.

अचलपूरच्या जिल्ह्यासहि हा अनुभव दूरचा नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें दूरच्या त्रिपुरा राज्यांतील घटनांविषयींच्या वार्तांवरून अमरावती शहरांत दंगल उसळली, संचारबंदी पुकारावी लागली आणि कित्येक दिवस इंटरनेट बंद ठेवावें लागलें. त्या दिवसांत ज्यांनीं एकहि दगड उचलला नव्हता, अशा मुलांचाहि अभ्यास थांबला. ज्या विहिरींत कोणी घाण टाकतो, त्या विहिरीचें पाणी साऱ्या गांवास बंद होतें, तसाच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणून केवळ दंडुका उगारावा असें म्हणणें मात्र धोक्याचें आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत मागाहून ६६-अ हें कलम घालण्यांत आलें होतें. २०१२ सालीं पालघर येथें दोन तरुणींस फेसबुकवरील एका साध्या मजकुरावरून अटक झाली. देशभर त्याची चर्चा झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. आपलें मत मांडण्याचा अधिकार विद्यार्थ्यासहि आहे, आणि तो भीतीनें नव्हे तर विवेकानें वापरावयाचा आहे. दुसऱ्याची बदनामी, धमकी, फसवणूक, कोणाचें खासगी छायाचित्र त्याच्या संमतीवांचून पसरविणें, हे गुन्हे तेव्हांहि होते आणि आजहि आहेत. मुलांच्या वैयक्तिक माहितीचें मोल ओळखून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठीं पालकांच्या संमतीची तरतूद केली. महानुभावांनीं आपल्या ग्रंथाची किल्ली जशी सांभाळली, तशी आपल्या परवलीच्या शब्दाची, पत्त्याची आणि छायाचित्रांची किल्ली विद्यार्थ्यानें सांभाळावी. कोणी अनोळखी ती मागूं लागला, किंवा धमकावूं लागला, तर एकट्यानें कुढत न बसतां आई-वडिलांस वा शिक्षकांस सांगावें. तेथें लाज बाळगणें हेंच अपराध्याचें बळ असतें.

मग विद्यार्थ्यानें महाजालापासून दूर रहावें काय? मुळींच नाहीं. ज्या उपकरणावर ईल राजाची कहाणी क्षणांत मिळते, त्याच उपकरणावर हेमचंद्रांचें सूत्र, ताम्रपटांच्या वाचनांचे जुने अंक आणि गॅझेटियरांचीं पानें अचलपुरांत बसून पहावयास मिळतात. राजवाड्यांना ज्या पोथ्यांसाठीं गांवोगांव वणवण करावी लागली, तशा अनेक पोथ्या आज बोटाच्या टोकावर आहेत. भेद साधनांत नाहीं, वापरणाऱ्याच्या वृत्तींत आहे. पहिलेंच उत्तर उचलून जो थांबला तो नकलकार झाला. त्या उत्तराचें मूळ शोधूं लागला तो विद्यार्थी झाला.

त्यासाठीं नवें शास्त्र नको. म्हाइंभटांचाच क्रम पुरेसा आहे. हें कोणीं सांगितलें, आणि त्यानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें, हें प्रथम विचारावें. दुसरी स्वतंत्र साक्ष मिळते कीं तीच नकल पुन्हां भेटते, हें पहावें. आपल्याहून जाणत्या माणसास दाखवावें. दुसऱ्याचें वाक्य घेतलें तर त्याचें नांव लिहावें. दुसऱ्याची मेहनत आपली म्हणून खपविणें ही चोरीच होय, मग ती पुस्तकांतून केलेली असो वा पडद्यावरून. जेथें पाठ दोन आहेत तेथें दोन आहेत असें प्रांजळपणें सांगावें. आणि ज्या वार्तेनें कोणाविषयीं द्वेष वा भीति उत्पन्न होते, ती तर पडताळून पाहिल्याखेरीज पुढें धाडूंच नये. कारण ती खोटी निघाली तर मागाहून पाठविलेली क्षमा तिच्यामागें धांवून तिला गांठूं शकत नाहीं.

अचलपूर, परतवाडा आणि आसपासच्या गांवांतील शाळांनीं या दृष्टीनें एक लहानसा उपक्रम करण्यासारखा आहे. प्रत्येक वर्गानें आपल्या पेठेची, वेशीची, विहिरीची वा देवळा-मशिदीची माहिती गोळा करावी. महाजालावर काय मिळतें तें एका बाजूस लिहावें, गांवांतील वृद्ध काय सांगतात तें दुसऱ्या बाजूस लिहावें, आणि ग्रंथांत वा शिलालेखांत काय आहे तें तिसऱ्या बाजूस लिहावें. तिन्ही जुळलीं तर उत्तम. न जुळलीं तर कोठें व कां जुळत नाहींत याची नोंद करावी. अशी एक वही पुरी करणाऱ्या मुलास खोट्या संदेशापासून सावध रहा असें निराळें सांगावें लागणार नाहीं. कोणताहि संदेश हातीं येतांच, हें कोणाच्या तोंडचें, असा प्रश्न त्याच्या मनांत आपोआप उभा राहील, आणि बोट पुढें सरकण्याआधीं क्षणभर थांबेल.